लावते, खात नाही!

दिवाळी जवळ आली की संपादकांचा निरोप येतो, "या खेपेला काहीतरी खुसखुशीत होऊन जाऊ द्या!" आता खुसखुशीत म्हणजे काय, हे मराठीच्या प्राध्यापकाला कोणी शिकवायला नको. चकली खुसखुशीत असते, करंजी खुसखुशीत असते. पण हा सारा खुसखुशीतपणा ज्यांच्या जिवावर चालतो, त्या दातांविषयी लिहा, असे मात्र मला आजवर एकाही संपादकाने सांगितलेले नाही. फराळाच्या ताटाचे रसभरीत वर्णन करणारे लेख मी पुष्कळ वाचले; ते ताट ज्या दारातून आत जाते त्या दाराची विचारपूस करणारा लेख दिवाळी अंकात सहसा आढळत नाही. तेव्हा वाचकहो, या वर्षी आपल्या सदरात तोंडाविषयी चार शब्द लिहितो. तोंड वाकडे करू नका; विषय दिसतो तितका कडू नाही.

"भाषेच्या मास्तरांनी वैद्यकात तोंड का घालावे?" असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, हा प्रश्न जितका वैद्यकाचा आहे तितकाच भाषेचाही आहे. एका साध्या क्रियापदाने आमच्या भागातल्या बायकांची कशी फसगत केली आहे, हेच मला सांगायचे आहे. पण ते ओघाने येईल.

मराठी भाषेने दातांचे जितके कौतुक केले आहे तितके मराठी माणसाने केलेले नाही. आपण रागावलो की दातओठ खातो, शरण गेलो की दाती तृण धरतो, घाबरलो की आपली दातखीळ बसते, वैर मनात ठेवले की दात धरतो आणि वर्गातल्या पोरांना समास शिकवताना आमच्या दाताच्या कण्या होतात. दात नसते तर निम्मे मराठी वाक्प्रचार बोळके झाले असते! मात्र एका म्हणीने आपले नुकसान केले. 'दात कोरून पोट भरत नाही,' असे आपण म्हणतो. म्हण चिक्कूपणाविषयी आहे आणि त्या अर्थाने ती खरीच आहे. पण ऐकून ऐकून आपल्या मनाने तिच्यातून भलताच बोध घेतला: दात वेगळे, पोट वेगळे, दाताचे दुखणे दाताशी आणि शरीराचे दुखणे शरीराशी! दात दुखला तर लवंग ठेवावी, फारच छळू लागला तर उपटून टाकावा. बत्तीसांतला एक गेला म्हणून काय बिघडते?

वास्तविक तोंड हे शरीराचे निराळे खाते नव्हे. तो घराचा उंबरठा आहे. उंबरठ्यावर साचलेला चिखल पायांबरोबर माजघरात येतोच. दातांवर रोज एक चिकट थर बसतो. तो निघाला नाही की त्याचे कीटण होते आणि त्याच्या आसऱ्याने जंतू हिरड्यांच्या कडेखाली वस्तीला येतात. हिरड्या सुजतात, घासताना रक्त येते, पुढे त्या दाताला सोडू लागतात. या रक्ताचे आपल्याला काहीच वाटत नाही. हातावरच्या जखमेतून रोज सकाळी असेच रक्त आले असते, तर चौथ्या दिवशी आपण दवाखाना गाठला असता. हिरड्यांतून आले की मात्र "ब्रश जरा कडक आहे" म्हणून आपण चूळ भरून मोकळे होतो.

या उघड्या दारातून जंतू रक्तात शिरतात. धडधाकट माणसाचे शरीर त्यांचा बहुधा तिथल्या तिथे बंदोबस्त करते. पण लहानपणी सांधेतापाने ज्याच्या हृदयाच्या झडपा खराब झाल्या असतील, त्याच्या झडपांवर तोंडातले जंतू ठाण मांडू शकतात आणि ते दुखणे जिवावर बेतते. म्हणूनच असा रोगी दात काढायला आला की जाणता दंतवैद्य आधी जंतुनाशक औषध देतो. मधुमेहाचे तर हिरड्यांशी दुहेरी वैर आहे. साखर वाढली की हिरड्या लवकर सडतात आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखर आटोक्यात येत नाही. हिरड्यांवर नीट उपचार केले तर रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर थोडीशी, पण मोजता येईल इतकी उतरते, असे अनेक चाचण्यांत दिसून आले आहे.

म्हाताऱ्या माणसांची गोष्ट आणखी निराळी. त्यांना गिळताना ठसका लागतो आणि तोंडातली घाण थेंबाथेंबाने फुप्फुसात उतरते. जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे एक प्रयोग झाला. काही वृद्धांचे दात व तोंड परिचारकांनी रोज जेवणानंतर स्वच्छ केले. बाकीच्यांचे नेहमीप्रमाणे चालू ठेवले. नेहमीच्या गटात शंभरी १९ जणांना न्यूमोनिया झाला, तर तोंड स्वच्छ ठेवलेल्या गटात शंभरी ११ जणांना. १९९९ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. औषध नाही, सुई नाही, नुसता ब्रश! घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा असतील त्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

मात्र उत्साहाच्या भरात दुसरे टोक गाठू नये. १९१० साली लंडनच्या विल्यम हंटर या डॉक्टरांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्याख्यान देऊन किडक्या तोंडावर पुष्कळ रोगांचे खापर फोडले. त्यानंतर पाश्चात्त्य देशांत दात उपटण्याची अशी साथ आली, की संधिवात झाला, काढ दात; अपचन झाले, काढ दात! अमेरिकेत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन या डॉक्टरांनी तर वेड बरे करण्यासाठी रोग्यांचे दात उपटले. वेड गेले नाही. दात मात्र गेले. पुढे ती लाट ओसरली. हृदयविकाराच्या झटक्यासंबंधीही आज जाणकार जपून बोलतात. हिरड्यांचा रोग आणि हृदयविकार एकत्र आढळतात, पण एकामुळेच दुसरा होतो असे सिद्ध झालेले नाही, असे अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने २०१२ साली स्पष्ट म्हटले. दोघांचे मूळ पुष्कळदा एकच असते, आणि ते म्हणजे तंबाखू.

आणि तंबाखू म्हटली की मला वळसंगला जावे लागते.

सोलापूरहून अक्कलकोटच्या वाटेला लागले की आधी कुंभारी लागते आणि पुढे वळसंग. स्वामींच्या दर्शनाला जाणारे भाविक ते मोटारीच्या काचेतून पाहतात. माझे ते आजोळ. या वाटेवर तंबाखू ही नुसती चैनीची वस्तू नाही, ती पोटाची भाकरी आहे. कुंभारीला विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत आहे. गोदूताई परुळेकरांचे नाव तिला दिले आहे आणि २००६ साली ती घरे उभी राहिली. मुलूख ज्वारीचा. तोंडात मराठी आणि कानडी दोन्ही भाषा एकाच वेळी नांदतात. शेंगांची चटणी आणि कडक भाकरी हे आमचे भूषण. ही कडक भाकरी पापडासारखी पातळ आणि कौलासारखी कडक असते. ती महिनाभर टिकते आणि दातांची परीक्षा घेते. लहानपणी आजोळी आम्ही भावंडे पैज लावून ती मोडत असू.

परवा उन्हाळ्यात गेलो तेव्हा माझी मामी तीच भाकरी आमटीत चुरून, भिजवून, हिरड्यांनी चिवडत बसलेली दिसली. वयाची सत्तरी गाठलेली, पण शेतातली कामे अजून अंगावर घेणारी बाई. पुढचे दात हलत होते. साखरेचा विकार जुना; गोळ्या वेळेवर घेई, चहा बिनसाखरेचा पिई, तरी साखर उतरत नव्हती. सोलापूरच्या डॉक्टरांनी एकदा तोंड उघडायला सांगितले आणि लगेच दातांच्या डॉक्टरांकडे पाठवले. सोबत मी होतो.

दातांचे डॉक्टर तरुण होते, नम्र होते. त्यांनी कागद पुढे ओढून रीतसर विचारले,

"आजी, तंबाखू खाता का?"

मामीने पदर सावरला. "शिव शिव! आमच्या घरात बायामाणसं तंबाखूला हात बी लावत न्हाईत."

डॉक्टरांनी 'नाही' असे लिहिले. तेवढ्यात तिथे काम करणाऱ्या मावशी हातातले भांडे खाली ठेवीत म्हणाल्या, "आजी, मिश्री किती येळा लावता?"

"सकाळी एकदा," मामी सरळपणे म्हणाली, "जेवल्यावर एकदा, आन् निजताना जराशी."

डॉक्टर हसले नाहीत, मामी लाजली नाही. लाजण्यासारखे तिने काही केलेच नव्हते. ती खोटे बोलली नव्हती. तिला विचारले होते 'खाता का?' आणि ती खात नव्हती. ती 'लावत' होती.

मला त्या खोलीत मराठीचा एक नवा पाठ मिळाला. आपल्या भाषेत तंबाखू 'खातात', विडी 'ओढतात', गुटखा 'चघळतात'. मिश्री मात्र 'लावतात'. लावणे हे किती सोज्ज्वळ क्रियापद आहे पाहा! कुंकू लावतात, तेल लावतात, दिवा लावतात, मलम लावतात. जे लावायचे ते वरवरचे. ते अंगात जात नाही, आणि जे अंगात जात नाही ते व्यसन कसले? शिवाय नावही कसे गोड! हिंदीत मिश्री म्हणजे खडीसाखर. कोणी मशेरी म्हणते, कोणी मिशेरी; पण वस्तू एकच: तंबाखूचा पाला तव्यावर किंवा पत्र्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, चुरायचा, डबीत भरायचा आणि बोटाने हिरड्यांवर घासायचा. भाजताना शेजारच्या घरात ठसका उठतो. घरोघरी बायका पहाटे चुलीपाशी हे करतात. आणि मग तोंडात काही असल्यामुळे अर्धा तास बोलत नाहीत. कानडीत तोंडाला 'बायी' म्हणतात. आमच्या सीमेवरच्या गावांत बाई साऱ्यांच्या डोळ्यांसमोर राबते, पण बाईची 'बायी' मात्र कोणाच्या दृष्टीला पडत नाही. ती पदराआड असते.

लावलेले अंगात जात नाही, हा समज किती फोल आहे हे कळायला मोठे शास्त्र नको. छातीत कळ आली की डॉक्टर गोळी कुठे ठेवायला सांगतात? जिभेखाली. गिळायची नाही, नुसती ठेवायची. तोंडाच्या आतली त्वचा इतकी पातळ आणि तिच्याखाली रक्तवाहिन्यांचे जाळे इतके दाट, की काही मिनिटांत औषध रक्तात उतरते. हाच न्याय मिश्रीला. हिरड्यांवर घासलेल्या तंबाखूतले निकोटिन त्याच वाटेने रक्तात जाते, हृदयाची गती वाढवते, रक्तवाहिन्या आकसवते. म्हणून तर ती लावल्यावर 'तरतरी' येते, आणि नाही लावली तर डोके धरते. वर भाजण्यामुळे तिच्यात धुरातली कर्करोग उत्पन्न करणारी द्रव्ये मिसळतात, ती वेगळीच.

"पूर्वापार चालत आलंय," असे मामी म्हणते. पण हे 'पूर्वापार' फार जुने नाही. तंबाखू मुळात आपल्याकडची नव्हेच. ती अमेरिका खंडातली, आणि पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. चरकसंहितेत दात घासायला करंज, रुई, अर्जुन अशा झाडांच्या काड्या सांगितल्या आहेत, आणि त्याही दिवसातून दोन वेळा. आजचे दंतवैद्य 'दोनदा घासा' म्हणून सांगतात ते काही नवे नाही! त्यात तंबाखूचे नाव नाही, असणारच कसे? जुन्या काळी सवाष्ण बायका दातवण लावून दात काळे करीत, पांढरे दात अशुभ मानीत. दातवणाची चाल गेली. काळे करण्याची हौस मात्र हिरड्यांवर उतरली, असे मला कधी कधी वाटते.

ही एकट्या वळसंगची कथा नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले दंतसंशोधक डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतून घरोघरी जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासली. १९७२ साली त्यांनी ती माहिती प्रसिद्ध केली. स्त्रियांच्या तंबाखूत मोठा वाटा मिश्रीचाच आढळला. एक लाख माणसांना 'आ' करायला लावणे हे केवढे काम! आमच्याच जिल्ह्यात बार्शीला खेड्यापाड्यांतल्या कर्करोग्यांची पद्धतशीर नोंद १९८७ मध्ये सुरू झाली. देशातली ग्रामीण भागातली ती पहिली अशी नोंदवही. ज्या वेळी शहरातल्या शहाण्यांना वाटत होते की कर्करोग हा शहरी लोकांचा रोग, त्या वेळी बार्शीची वही खेड्यातली नावे लिहीत होती.

पण माझ्या मनाला सर्वांत जास्त लागली ती मुंबईतली पाहणी. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकारी श्रीविद्या यांनी १,२१७ गरोदर स्त्रियांची नोंद ठेवून २००४ साली ती प्रसिद्ध केली. त्यांतल्या ज्या तंबाखू लावीत किंवा खात होत्या, आणि त्यांतही मिश्रीवाल्याच अधिक होत्या, त्यांच्या बाळांचे वजन सरासरीने १०५ ग्रॅम कमी भरले; दिवस पुरे होण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही वाढले. पुढे २००६ साली याच पाहणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली: मूल मृत जन्मण्याचा धोका अशा स्त्रियांत अडीच पटींहून अधिक होता. आईने हिरड्यांवर बोट फिरवले, आणि त्याची झळ पोटातल्या जिवाला लागली! दात आणि पोट निराळे म्हणणाऱ्यांनी याहून मोठा पुरावा कोणता मागावा?

मी वळसंगला गेलो तेव्हा मामीची नात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. पोर शिकलेली, बारावी झालेली. सासरी दाढ दुखली तेव्हा शेजारणीने "जरा मिश्री लाव, ठणका बसंल" म्हणून डबी दिली. ठणका बसला आणि डबीही बसली. बहुतेक घरांत मिश्रीचा प्रवेश असाच औषधाच्या रूपाने होतो. कोणाचा दात दुखतो, कोणाला सकाळी पोट साफ व्हायला ती लागते, कोणाची गरोदरपणातली मळमळ तिने थांबते. रोग बरा झाल्यावर औषध बंद करतात; हे औषध मात्र रोग होऊन घरात राहते. तिच्या दवाखान्याच्या कार्डावर 'व्यसन' या शब्दापुढे 'नाही' असे लिहिलेले होते. पुन्हा तोच प्रश्न, तेच खरे उत्तर, आणि तीच फसगत!

रात्री अंगणात बसलो असताना मी मामीला मुंबईच्या पाहणीची हकीकत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली.

"एकशे पाच गिरॅम म्हंजी किती रं बाबा?"

"दोन अंडी घ्या मामी. तेवढं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. "दोन अंडी लई झाली," ती म्हणाली. "न्हानग्या जिवाला दोन अंडी लई झाली."

मी म्हटले, "मामी, तुमच्याही साखरेला ती बरी नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"माझं काय घिऊन बसलास? माझ्या गवऱ्या मसणात गेल्या. पर ही पोरगी माझं बघून शिकली तर?"

दुसऱ्या दिवशी कोनाड्यातली डबी दिसली नाही. मामीने ती चुलीत रिकामी केली की पेटीच्या तळाशी ठेवली, हे मी विचारले नाही. नात मात्र त्या दिवसापासून शेजारणीकडे गेली की आजी हाक मारून तिला परत बोलावी. पंधरा दिवस दोघींची डोकी दुखली आणि घरात भांड्यांचा आवाज जरा जास्त झाला, असे मामेभावाने फोनवर सांगितले. पुढे नात सुखरूप बाळंत झाली. मामीचे कीटण निघाले, दोन दात गेले, साखर उतरू लागली. ती गोळ्यांनी उतरली, पथ्याने उतरली, की हिरड्यांनी, हे मी ठामपणे सांगणार नाही. घरातल्या यशाला वाटेकरी पुष्कळ असतात.

कोणी म्हणेल, सरकार काय करते? सरकारने १९९२ साली दंतमंजनांत आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली, आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावरही बंदी आली. पण कायदा कारखान्याच्या दारापर्यंत पोचतो. पहाटेच्या तव्यापर्यंत तो कसा पोचणार? तिथे पोचते ते फक्त बोलणे. आणि बोलण्याचा उपयोग होतो, याला आधार आहे. केरळातील एर्नाकुलम, आंध्रातील श्रीकाकुलम आणि गुजरातेतील भावनगर या जिल्ह्यांत मिळून सुमारे ३६,००० तंबाखूवाल्यांना संशोधकांनी वर्षानुवर्षे घरी जाऊन समजावले, चित्रपट दाखवले. एर्नाकुलममध्ये तोंडात नवे पांढरे चट्टे उठण्याचे प्रमाण त्यामुळे पुष्कळ खाली आले. १९८६ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. दाताच्या कण्या करणे अगदीच वाया जात नाही, हे वाचून माझ्यासारख्या मास्तरला किती धीर आला म्हणून सांगू!

तेव्हा वाचकहो, उपदेश थोडक्यात आटोपतो. सकाळी दात घासता तसे रात्री निजण्यापूर्वीही घासा. रात्रीचे घासणे अधिक मोलाचे, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. लाडू-करंजी खाल्ल्यावर निदान खळखळून चूळ भरा. हिरड्यांतून रक्त येत असेल तर ब्रशला दोष न देता दंतवैद्याकडे जा; साखरेचा विकार असेल तर विनाविलंब जा. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, उघडल्यावर आपलीच तीन बोटे उभी न मावणारे तोंड, यांतले काहीही दिसले तर दुखण्याची वाट पाहू नका. कर्करोग सुरुवातीला दुखत नाही, आणि म्हणूनच तो फावतो. दात हलू लागले म्हणजे 'वय झाले' असे म्हणणेही सोडा. वय होण्याने केस पिकतात. दात पडतात ते बहुतेक हिरड्यांच्या रोगाने नाहीतर किडीने.

आणि भाऊबीजेला बहीण माहेरी आली की ओवाळणीत साडी घाला, पैसे घाला, पण दुसऱ्या दिवशी तिला बरोबर घेऊन तिचे तोंडही एकदा डॉक्टरांना दाखवून आणा. आईला न्या, वहिनीला न्या. जन्मभर घराचे तोंड गोड करणाऱ्या या बायकांच्या तोंडात कोणी डोकावलेले नसते. शेतात, शाळेत, दवाखान्यात जे जे कोणी कागद हातात घेऊन चौकशी करतात, त्यांनाही माझी हीच विनंती. "तंबाखू खाता का?" असे विचाराल तर "नाही" असेच उत्तर येईल, आणि ते अगदी प्रामाणिक असेल. तिच्या शेजारी बसा, आवाज खाली आणा आणि "मिश्री लावता का?" असे विचारा. विचारताना क्रियापद तेवढे नीट निवडा.